बोलतं करणं : जे. एम. कुट्सी यांच्या कादंबऱ्यांतलं मौन



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही दक्षिण आफ्रिकेतले कादंबरीकार जे. एम. कुट्सी यांची निवड केली आहे. आडनावाचं स्पेलिंग पाहून आपल्याकडे कोणी कोएट्झी म्हणतं, कोणी कोट्झी. मूळ उच्चार कुट्सीच्या जवळ जातो, तोच आपण वापरू. दोन वेळा बुकर, २००३ साली नोबेल, आणि वयाची ऐंशी ओलांडल्यावरही लेखन चालू. एवढा परिचय पुरे, कारण पारितोषिकांची यादी तुम्हाला मोबाइलवर दोन मिनिटांत मिळेल.

आमचा विषय तत्त्वज्ञान. साहित्याच्या अंगणात आम्ही पाहुणे, तेव्हा आमच्या ओळखीच्या दारातूनच आत शिरतो. तत्त्वज्ञानात एक जुना प्रश्न आहे : दुसऱ्याच्या मनात काय चाललं आहे हे आपल्याला कशावरून कळतं? आमचा दात दुखतो हे आम्हाला थेट कळतं. तुमचा दुखतो हे कळतं ते तुम्ही सांगता म्हणून, किंवा गालावर हात धरून बसता म्हणून. वर्गात हा प्रश्न दातदुखीवर निभावून जातो. पण समजा, समोरचा माणूस सांगतच नाही. आणि समजा, त्याच्याकडून ते काढून घेण्याची ताकद आपल्या हातात आहे. मग काय करायचं? कुट्सींच्या कादंबऱ्या या ठिकाणापासून सुरू होतात.

आपल्या मराठीत यासाठी एक फार बोलका वाक्प्रयोग आहे : 'बोलतं करणं'. मुलाखत रंगली की आपण म्हणतो, मुलाखतकारानं पाहुण्यांना छान बोलतं केलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी असते, पोलिसांनी संशयिताला बोलतं केलं. कसं केलं ते बातमीत नसतं, आणि आपणही विचारत नाही. तिसरा वापर समीक्षेतला : या लेखकानं मुक्या माणसांना बोलतं केलं, त्यांना वाचा दिली. हे आपण कौतुकानं म्हणतो. क्रियापद तेच, कर्म तेच, फक्त जागा वेगळी. दिवाणखाना, कोठडी आणि पुस्तक. कुट्सींनी पन्नास वर्षं या तीन जागा एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहिल्या, असं आमचं म्हणणं आहे. ते आता कादंबऱ्यांच्या आधारे तपासून बघू.

आधी थोडं चरित्र, कारण त्याचा लेखनाशी संबंध आहे. जन्म ९ फेब्रुवारी १९४०, केप टाउन. घराणं आफ्रिकानर, म्हणजे डच वसाहतवाल्यांच्या वंशातलं, पण घरात आईवडील मुलांशी इंग्रजी बोलत आणि नातेवाईकांत आफ्रिकान्स. म्हणजे सत्ताधारी जमातीत जन्म, पण त्या जमातीच्या भाषेत पूर्णपणे घर नाही. केप टाउन विद्यापीठात गणित आणि इंग्रजी शिकले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये आयबीएममध्ये संगणक प्रोग्रॅमर होते. मग अमेरिकेत ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात, सॅम्युअल बेकेटच्या शैलीवर १९६९ साली डॉक्टरेट केली, तीही संगणकाच्या मदतीनं वाक्यं मोजून. पुढे बफेलोला शिकवत असताना, १९७० साली, विद्यापीठाच्या आवारातल्या पोलीस बंदोबस्ताच्या निषेधात इतर प्राध्यापकांबरोबर त्यांना अटक झाली. अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी मिळाली नाही आणि ते १९७१ साली मायदेशी परतले. मायदेशी म्हणजे वर्णभेदी राजवटीत.

पहिलं पुस्तक 'डस्कलँड्स', १९७४. यात दोन कथानकं आहेत. एकात व्हिएतनाम युद्धाच्या काळातला एक अमेरिकन माणूस लष्करासाठी प्रचारतंत्रावर अहवाल लिहितो आहे आणि लिहिता लिहिता त्याचं डोकं फिरतं. दुसऱ्यात अठराव्या शतकातला जेकोबस कुट्सी नावाचा हत्तींचा शिकारी उत्तरेकडे नामांच्या मुलुखात जातो, तिथे आजारी पडतो, त्याची फजिती होते, आणि मग तो माणसं घेऊन परत येतो नि वस्तीची कत्तल करतो. आडनावाकडे लक्ष द्या. या नावाचा एक माणूस १७६० साली खरोखरच त्या भागात गेला होता, आणि तो लेखकाच्या दूरच्या पूर्वजांपैकी. पहिल्याच पुस्तकात कुट्सी बळींच्या बाजूनं बोलायला गेले नाहीत. त्यांनी आपल्याच आडनावाच्या माणसाला बोलू दिलं, आणि त्याच्या सुसंस्कृत, नेटक्या वाक्यांतून काय बाहेर पडतं ते आपल्याला ऐकवलं. हे त्यांनी पुढेही सोडलं नाही.

आता 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स', १९८०. त्याआधी तीन वर्षं, सप्टेंबर १९७७ मध्ये, स्टीव्ह बिको पोलिसांच्या ताब्यात मारले गेले होते. कादंबरीत मात्र दक्षिण आफ्रिकेचं नाव नाही. एक साम्राज्य आहे, सरहद्दीवरचं एक गाव आहे, आणि तिथला म्हातारा होत चाललेला न्यायाधीश आहे. त्याला नाव नाही. राजधानीतून कर्नल जोल येतो, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि रानटी टोळ्यांच्या कैद्यांची 'चौकशी' सुरू होते. जोलची पद्धत साधी आहे. माणूस आधी खोटं बोलतो, दाब वाढवला की आणखी खोटं बोलतो, मग तो मोडतो, आणि मग सत्य येतं. ज्ञानमीमांसाच आहे ही एक प्रकारची, फक्त चिमट्यांसह.

न्यायाधीशाला हे किळसवाणं वाटतं. आपण वाचक त्याच्या बाजूचे होतो. तो एका कैदी मुलीला घरी आणतो. छळामुळे तिची दृष्टी अधू झाली आहे आणि पायाचे घोटे मोडले आहेत. तो रोज रात्री तिचे पाय धुतो, तेल लावतो. आणि विचारत राहतो : तुला काय केलं त्यांनी? ही खूण कसली? ती थोडक्यात उत्तर देते किंवा गप्प राहते. त्याला चैन पडत नाही. त्या जखमा त्याला वाचायच्या आहेत, जणू ती न उलगडलेल्या लिपीतली एखादी पाटी आहे. (तसल्या पाट्या तो छंद म्हणून गोळाही करतो.) हळूहळू त्याच्या आणि आपल्याही लक्षात येतं की कर्नलनं तिच्या अंगावर उत्तर शोधलं आणि हा माणूसही तिच्या अंगावरच उत्तर शोधतो आहे. एकाच्या हातात लोखंड आहे, दुसऱ्याच्या हातात तेल. दोघांना ती स्वतः नको आहे, तिच्यातून काहीतरी बाहेर काढून हवं आहे.

इथे सावध राहायला हवं. न्यायाधीश आणि कर्नल सारखेच, असं कादंबरी म्हणत नाही. न्यायाधीश पुढे त्या मुलीला बर्फाळ वाळवंटातून तिच्या लोकांपर्यंत पोचवतो, आणि त्याबद्दल स्वतः तुरुंगात जातो, मार खातो. लोखंड आणि तेल यांत फरक नाही म्हणणारा माणूस नुसता हुशारी करतो. पण दयाळू माणसाच्या कुतूहलातही मालकी असू शकते, एवढं कुट्सी दाखवतात, आणि ते दाखवण्यासाठी चांगला माणूसच निवडावा लागतो. वाईट माणसाबद्दल ते आपल्याला आधीच ठाऊक असतं.

'लाइफ अँड टाइम्स ऑफ मायकेल के', १९८३, पहिलं बुकर. मायकेल केप टाउनच्या उद्यानात माळी आहे, वरचा ओठ फाटलेला, बोलण्यात अडखळणारा. देशात यादवी चालू आहे. मोलकरीण म्हणून आयुष्य काढलेल्या आजारी आईला हातगाडीत घालून तो तिच्या जन्मगावाकडे, प्रिन्स अल्बर्टकडे, पायी निघतो. ती वाटेत स्टेलेनबॉशच्या रुग्णालयात मरते. तो राख घेऊन पुढे जातो आणि एका ओसाड शेतावर भोपळे पिकवतो. मायकेल कुठल्या वंशाचा हे लेखक कुठेच सांगत नाही. फक्त पोलिसांच्या एका नोंदीत दोन अक्षरं येतात, सी आणि एम, म्हणजे 'कलर्ड मेल'. ते वर्गीकरण राज्याचं आहे, लेखकानं ते राज्याच्याच वहीत ठेवलं आहे.

दुसऱ्या भागात कथा सांगणारा बदलतो. मायकेल आता एका छावणीच्या दवाखान्यात आहे. तिथल्या तरुण डॉक्टरला त्याच्याबद्दल खरी कळकळ आहे. तो त्याला मायकेल्स म्हणतो, म्हणजे नावसुद्धा चुकीचं. वरिष्ठांना कबुली हवी आहे : बंडखोरांना अन्न पुरवलंस का? मायकेल काही सांगत नाही, काही खात नाही. अहवालात काहीतरी रचून लिहायची वेळ येते. मग मायकेल पळून जातो आणि डॉक्टर मनातल्या मनात त्याच्यामागे धावतो, ओरडून ओरडून त्याला त्याच्याच आयुष्याचा अर्थ समजावून सांगतो. किती सुंदर अर्थ! आणि पाठमोरा माणूस थांबत नाही. समीक्षकाचं याहून नेमकं चित्र आम्ही पाहिलेलं नाही. आम्हीही या व्याख्यानात आत्ता तेच करतो आहोत, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

१९८६ साली 'फो' आली. डॅनियल डिफोचं मूळ आडनाव फो. त्याच्या 'रॉबिन्सन क्रूसो'ची ही उलटून घेतलेली गोष्ट आहे. बेटावर सुझन बार्टन नावाची स्त्री येऊन पडते. तिथला फ्रायडे हा आफ्रिकन आहे आणि त्याला जीभ नाही. क्रूसो म्हणतो, गुलामांच्या व्यापाऱ्यांनी कापली, पण क्रूसोवर तरी विश्वास कसा ठेवायचा? इंग्लंडला परतल्यावर सुझनला वाटतं, ती जीभ कशी गेली हे कळल्याशिवाय बेटाची गोष्ट पुरी होणार नाही. ती फ्रायडेला लिहायला शिकवते. तो पाटीवर चालते डोळे काढतो, पावलांवर उभे असलेले डोळे. ती पाटी मागते. तो बोटं थुंकीनं ओली करतो आणि पाटी पुसून टाकतो.

हा प्रसंग आम्हाला कुट्सींच्या साऱ्या लेखनातला मध्यबिंदू वाटतो. फ्रायडे लिहू शकत नाही असं नाही. त्यानं काहीतरी काढलं होतं. पण ज्या हातांनी ते मागितलं, त्या हातांत त्यानं ते दिलं नाही. मुका असणं आणि न सांगणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात माणसाकडे काहीतरी कमी आहे. दुसऱ्यात त्याच्याकडे काहीतरी आहे आणि ते तो राखून ठेवतो आहे.

आता आक्षेपाकडे वळू, कारण आक्षेप गंभीर आहे. मायकेल के प्रसिद्ध झाल्यावर नादिन गॉर्डिमर यांनी १९८४ साली त्यावर लिहिलं. कादंबरीच्या ताकदीचं त्यांनी कौतुक केलं, पण मुद्दा सोडला नाही : देशातले काळे लोक त्या काळात स्वतःच्या मुक्तीसाठी लढत होते, आणि हा लेखक त्या लढ्याकडे पाठ फिरवून भोपळ्यांकडे बघतो. पुढे बेनिटा पॅरी यांनी दुसरा प्रश्न विचारला : या कादंबऱ्यांत बोलतं कोण आणि गप्प कोण? रानटी म्हटलेली मुलगी गप्प, मायकेल जवळजवळ गप्प, फ्रायडे मुका. बोलतात ते न्यायाधीश, डॉक्टर, सुझन. मग वसाहतवादानं जी वाटणी केली होती, तीच पुन्हा झाली की! चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली कॉनरॅडवर हाच आरोप ठेवला होता. कॉनरॅडच्या आफ्रिकेत आफ्रिकन माणसाला भाषाच नाही.

याला एक उत्तर आहे. कॉनरॅडच्या पुस्तकात ते मौन देखाव्याचा भाग आहे, निवेदकाची झोप त्यानं उडत नाही. कुट्सींच्या निवेदकांची उडते. त्यांच्याकडे मौन हे निवेदकाचं अपयश म्हणून लिहिलं जातं. हे उत्तर खरं आहे, पण आमच्या मते अपुरं आहे. गोऱ्या माणसाचं अपयश कितीही प्रामाणिकपणे लिहिलं तरी ती गोऱ्या माणसाचीच गोष्ट राहते. फ्रायडेनं पाटीवर काय काढलं असतं हे जाणून घ्यायचं असेल तर कुट्सींचं पुस्तक मिटून दुसरं उघडावं लागतं. एस्किया म्फाहलेले यांचं 'डाउन सेकंड अव्हेन्यू' १९५९चं आहे. झेक्स एम्डा यांची 'वेज ऑफ डाइंग' १९९५ची. त्या लोकांना कोणी वाचा दिली नव्हती. ती त्यांच्याकडे होतीच.

मराठी माणसाला हे नवीन नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. मुक्यांचा नायक मुक्यांतूनच उभा राहिला. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, तेही कुणी बोलतं केलं म्हणून आलेलं नव्हतं. तरीही आपल्याकडची समीक्षा 'वाचा दिली' हा शब्दप्रयोग सोडत नाही. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्या क्रियापदात आधीच ठरलेलं असतं. कुट्सींचं वाचन आपल्याला उपयोगी पडतं ते इथे. फ्रायडे काय म्हणतो ते कुट्सी सांगू शकत नाहीत. पण 'आता बोल' म्हणणारा माणूस कसा दिसतो, ते त्यांच्याइतकं बारकाईनं फार थोड्यांनी दाखवलं आहे.

जाता जाता एक गोष्ट. त्यांच्या तीन कादंबऱ्या वर्णभेदी सरकारच्या सेन्सॉरपुढे गेल्या आणि तिन्ही सुटल्या. पुढे पीटर मॅकडॉनल्ड यांनी जुनी दफ्तरं उघडली तेव्हा दिसलं की परीक्षण करणाऱ्यांत साहित्याचे प्राध्यापकही होते, आणि त्यांचं मत असं की ही पुस्तकं उच्च साहित्य आहेत, मोजकेच जाणकार ती वाचतील, तेव्हा धोका नाही. कुट्सींच्या लेखनपद्धतीवरचा हा सगळ्यांत बोचरा शेरा, आणि तो विरोधकांनी नाही, सेन्सॉरनं मारला आहे. नाव न घेतलेलं साम्राज्य सरकारलाही परवडत होतं. ज्यांना ही अलिप्तता निव्वळ श्रेष्ठ वाटते त्यांनी तो शेरा लक्षात ठेवावा.

आता 'डिसग्रेस', १९९९, दुसरं बुकर. वर्णभेद संपला आहे, १९९४ साली निवडणुका झाल्या आहेत, डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग १९९६पासून काम करतो आहे. म्हणजे सारा देश बोलता झाला आहे, जाहीर सभागृहांतून, टीव्हीवरून. कादंबरीचा नायक डेव्हिड लूरी, वय ५२, केप टाउनमधला प्राध्यापक. मेलनी आयझॅक्स या विद्यार्थिनीशी तो संबंध ठेवतो. एका प्रसंगात ती नको असताना. तक्रार होते, चौकशी समिती बसते. समितीला पश्चात्ताप हवा आहे. लूरी म्हणतो, दोषी आहे, शिक्षा द्या, पण माझं अंतःकरण तुमच्यापुढे उघडणार नाही.

बरेच वाचक इथे लूरीच्या प्रेमात पडतात. कबुलीच्या तमाशाला नकार देणारा ताठ माणूस! आमच्या प्राध्यापक मित्रांत तर तो फारच लोकप्रिय. आम्हाला मात्र त्या प्रसंगात वेगळीच गोष्ट दिसते. समिती विचारते, मेलनीचं निवेदन वाचलंस का? त्यानं वाचलेलं नाही. न वाचताच तो ते मान्य करतो. ती खोटं का बोलेल, म्हणतो. वरकरणी केवढं सौजन्य! पण बघा काय झालं आहे. आतापर्यंतच्या कादंबऱ्यांत गप्प माणसाला बोलायला लावणारे लोक होते. इथे एक मुलगी बोलली आहे, लिहून दिलं आहे, कागद टेबलावर आहे. आणि तो वाचला जात नाही. कादंबरी लूरीच्या नजरेला चिकटून चालते, त्यामुळे तो कागद आपल्यालाही वाचायला मिळत नाही. पुढे लूरी मेलनीच्या घरी जातो, तिच्या आईपुढे आणि धाकट्या बहिणीपुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतो. तिनं काय लिहिलं होतं, हे तिथेही विचारत नाही. ज्याला आपण मौन म्हणतो ते कित्येकदा न वाचलेलं निवेदन असतं.

आणि मग पारडं फिरतं. लूरी मुलीकडे, लुसीच्या शेतावर जातो. तीन जण घरात घुसतात. लूरीला संडासात कोंडून पेटवतात, लुसीवर बलात्कार होतो. लुसी पोलिसांना चोरीबद्दल सांगते, बलात्काराबद्दल सांगत नाही. आता हाच बाप तिच्यामागे लागतो : सांग, बोल, तक्रार कर. समितीपुढे ज्यानं अंतःकरण उघडायला नकार दिला, तोच मुलीचं अंतःकरण उघडायला निघाला आहे. लुसीचं म्हणणं एवढंच की इथे, या काळात, ही बाब तिची एकटीची आहे. लुसीचा निर्णय अनुकरणीय आहे असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. गुन्हा न नोंदवणं हा स्त्रियांपुढचा आदर्श म्हणून वाचला गेला तर ते घातक ठरेल. पण लुसी गप्प नाही, हेही बघा. पुढे कसं जगायचं, जमिनीचं काय करायचं, शेजारी पेट्रसशी कोणत्या अटींवर व्यवहार करायचा, हे ती स्वच्छ शब्दांत सांगते. लूरीला जे हवं आहे ते तेवढं ती सांगत नाही, म्हणून त्याला ती गप्प वाटते.

या कादंबरीवर मायदेशात वादळ झालं. २००० साली प्रसारमाध्यमांतल्या वंशवादावरच्या सुनावणीत सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं आपल्या निवेदनात तिचा उल्लेख केला. गोऱ्यांच्या मनात काळ्या माणसाची कोणती प्रतिमा अजून आहे, याचा दाखला म्हणून. तो आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तीन हल्लेखोरांना कादंबरीनं आतून काहीही दिलेलं नाही, आणि मौनाचा सगळा विचार त्यांच्यापाशी येऊन थांबतो. २००२ साली कुट्सी ऑस्ट्रेलियात अॅडलेडला राहायला गेले आणि २००६ साली तिथले नागरिक झाले.

व्याख्यानांना नियमानं येणाऱ्या तुमच्यासारख्यांना पुढचा भाग आवडेल. १९९७ साली प्रिन्स्टन विद्यापीठानं त्यांना एका प्रतिष्ठेच्या व्याख्यानमालेसाठी बोलावलं. कुट्सी उभे राहिले आणि त्यांनी व्याख्यानाऐवजी एक गोष्ट वाचली. गोष्टीतली एलिझाबेथ कॉस्टेलो नावाची वृद्ध कादंबरीकार एका विद्यापीठात व्याख्यान देते आहे. विषय : आपण प्राण्यांना कसं वागवतो. थॉमस नेगेल यांचा १९७४ चा वटवाघळावरचा निबंध आमच्या विषयात प्रसिद्ध आहे. वटवाघूळ असणं कसं असतं हे आपल्याला कळू शकत नाही, असं त्यात म्हटलं आहे. कॉस्टेलो म्हणते, का नाही? दुसऱ्याच्या जागी जाऊन जगण्याच्या कल्पनाशक्तीला सीमा नाही. पण हीच बाई कत्तलखान्यांची तुलना नाझी छळछावण्यांशी करते, आणि एक ज्यू कवी निषेध म्हणून तिच्याबरोबर जेवायला यायला नकार देतो. आणि 'एलिझाबेथ कॉस्टेलो' या २००३ च्या पुस्तकात हीच बाई असंही म्हणते की काही खोल्यांत लेखकानं शिरूच नये, छळाच्या खोलीत तर नाहीच.

मग कुट्सींचं मत कोणतं? सीमा नाही हे, की शिरू नये हे? आमच्या मते ही दोन्ही मतं एकाच प्रश्नाची आहेत आणि ती एकत्र धरली तरच अर्थ लागतो. दुसऱ्याच्या मनात शिरता येतं, म्हणूनच कुठे थांबायचं हे ठरवावं लागतं. मुळात शिरताच आलं नसतं तर संयमाला काय किंमत होती?

शेवटच्या टप्प्यात या विचारानं वेगळं वळण घेतलं. २०१३ पासूनच्या तीन 'जीझस' कादंबऱ्यांत माणसं समुद्र ओलांडून एका नव्या देशात येतात, आधीच्या आठवणी पुसलेल्या, आणि सगळे शिकलेली स्पॅनिश बोलतात. 'द पोल' ही छोटी कादंबरी २०२२ साली आधी स्पॅनिशमध्ये, अर्जेंटिनात प्रसिद्ध झाली, आणि इंग्रजीत नंतर. एक वृद्ध पोलिश पियानोवादक आणि बार्सिलोनातली एक स्त्री, दोघांची समान भाषा म्हणजे मोडकी इंग्रजी. तो तिच्यासाठी पोलिशमध्ये कविता ठेवून मरतो. तिला त्या वाचता येत नाहीत. ती पैसे देऊन भाषांतर करून घेते. 'डिसग्रेस'च्या शेजारी हे ठेवून बघा. एका माणसानं समोरचं निवेदन वाचलं नव्हतं. इथे एक बाई, फारशी प्रेमात नसतानाही, मेलेल्या माणसाचे कागद वाचण्यासाठी खटपट करते.

न्गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजीत कादंबरी लिहिणं सोडलं आणि ते गिकुयूत लिहू लागले. कुट्सींना परतण्यासाठी तशी भाषा नव्हती. इंग्रजीचं वर्चस्व त्यांनाही मान्य नाही, पण ते तिच्यातूनच बाहेर बघतात. न्गुगी आपल्या लोकांशी बोलायला घरी गेले, कुट्सी आपल्याच भाषेत पाहुण्यासारखे बसले. वसाहतवादाला दोन्ही उत्तरं आहेत. आमचा मान पहिल्याकडे अधिक झुकतो, हे लपवत नाही. पण सत्तेच्या भाषेत जन्मलेल्या माणसानं काय करावं, हा प्रश्न दुसऱ्याशिवाय सुटत नाही, आणि आपल्यापैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या बाबतीत सत्तेच्या भाषेतच जन्मलेले असतात. जातीच्या, शिक्षणाच्या, शहराच्या.

ज्यांना कुट्सी वाचायला घ्यायचे आहेत त्यांनी 'मायकेल के'पासून सुरुवात करावी. शेवटी तो मनाशी म्हणतो, विहीर फोडून टाकलेली असली तरी दोरीला चमचा बांधून खाली सोडला की तेवढं पाणी वर येईल. त्या पानावर घाई करू नका. मग 'डिसग्रेस' घ्या, आणि चौकशी समितीचं प्रकरण दोनदा वाचा. पहिल्यांदा लूरी काय बोलतो ते वाचा. दुसऱ्यांदा टेबलावरच्या त्या कागदाकडे लक्ष ठेवा, आणि आपल्या आसपास असे किती कागद न वाचता मान्य केले जातात याचा विचार करा.